डावा खिसा

मिरजेत आमच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. शर्ट शिवताना पुढचा पल्ला मोकळा असतानाच ते खिसा लावून घेत. कापडावरच्या रेघा खिशावरच्या रेघांशी जुळल्या की मगच टीप घालत. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर त्रिकोणी टीप असे, कारण सगळं ओझं तिथे येतं. खिसा डावीकडे, उजवा हात सहज पोचेल असा.

त्या डाव्या खिशात माझं सगळं आयुष्य मावत गेलं. लहानपणी गोट्या आणि चिंचोके, मग गळणारं शाईचं पेन, कॉलेजात एस.टी.चा पास. शाळेत मास्तर झालो आणि एक निळं, एक लाल अशी दोन पेनं कायमची तिथे आली. वडील गेले तेव्हा त्यांच्या खिशात एका गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी होती. ती मी कितीतरी वर्षं माझ्या खिशात वागवली. निवृत्तीनंतर पेनांची जागा मोबाईलने घेतली.

मग जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. नाडी मिनिटाला चाळिशीच्या खाली घसरली होती. ईसीजी पाहून डॉक्टरांनी सांगितलं, कम्प्लीट हार्ट ब्लॉक. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून ठोक्याचा जो विद्युतसंदेश निघतो, तो खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता. खालचे कप्पे आपल्या मंद गतीने कसेबसे चालले होते. जागेवरची भूल देऊन डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत पेसमेकर बसवला. त्याच्या दोन तारा शिरेतून हृदयात सोडल्या. बरोबर खिशाच्या वर, कोपऱ्यातल्या त्रिकोणी टिपेच्या जवळपास, एक छोटा उंचवटा आला.

पहिले काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, तारा जागेवर पक्क्या बसेपर्यंत. डोक्यातून घालायचा झब्बा बंद झाला, बटणांचे शर्ट बाहेर निघाले. दोरीवर टॉवेल टाकायला गेलो तरी ही म्हणायची, “अहो, राहू द्या, मी टाकते.” पण हात अजिबातच हलवला नाही तर खांदा आखडतो, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा खांद्याखालच्या हालचाली मी रोज नेमाने करत राहिलो.

खरी भीती रात्रीची होती. डाव्या कुशीवर वळलं की यंत्र जाणवायचं, आणि बोटं आपोआप मनगटावर जायची. यंत्र बंद पडलं तर? त्या दिवसांत आर्ने लार्सन यांची गोष्ट वाचली. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात त्यांना शरीराच्या आत बसणारा जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. त्यांची पत्नी एल्स-मारी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे लागली होती, म्हणून ते घडलं. यंत्राला आकार द्यायला बूटपॉलिशची डबी साचा म्हणून वापरली होती. ते पहिलं यंत्र काही तासांतच थांबलं आणि दुसरं बसवावं लागलं. पुढे लार्सन यांना वीसहून अधिक यंत्रं बदलावी लागली. तरीही ते 86 वर्षं जगले, 2001 साली गेले, सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही नंतर. एका बाईच्या हट्टातून सुरू झालेलं हे काम माझ्यापर्यंत पोचलं, या जाणिवेने मला झोप येऊ लागली.

यंत्राचं काम समजलं तशी उरलेली भीतीही गेली. ते प्रत्येक ठोका ऐकतं. हृदयाने आपणहून ठोका दिला तर ते गप्प राहतं. कविता म्हणताना मूल अडलं की शेजारचा मुलगा हळूच पुढचा शब्द सांगतो, तेवढंच ते करतं. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं टिकते. ती संपत आल्याचं तपासणीत बरंच आधी कळतं, म्हणून तपासणी चुकवायची नाही.

नियम थोडेच आहेत. मोबाईल यंत्रापासून सहा इंच दूर ठेवायचा आणि उजव्या कानाला लावायचा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहायचं. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह नेहमीसारखे वापरायचे. देवळाच्या किंवा विमानतळाच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न थांबता पुढे जायचं, आणि पेसमेकरचं कार्ड दाखवून हातातलं डिटेक्टर छातीवर रेंगाळू देऊ नका असं सांगायचं. एमआरआयची वेळ आलीच तर आधी पेसमेकरचं सांगायचं. मोटारीत पुढे डावीकडे बसलो की पट्टा नेमका त्या उंचवट्यावरून जातो. मी मधे घडी केलेला पंचा ठेवतो, पण पट्टा सोडत नाही.

आता शर्ट शिवायला टाकताना खिसा उजवीकडे लावून घेतो. आमच्या शिंप्याने मापाच्या वहीत माझ्या नावापुढे तसं लिहून ठेवलं आहे. हात अजूनही सवयीने आधी डावीकडे जातो. तिथे काही लागत नाही, पण तिथेच कातडीच्या आत जे आहे त्याच्या बळावर मी पुन्हा जिना चढतो, बाजारातून पिशवी आणतो, नातवाला शाळेत सोडतो. माझ्या मते पेसमेकर म्हणजे अधू आयुष्य नव्हे. नेहमीचं आयुष्य परत मिळालं आहे, आणि ते भीतीखाली घालवणं हा त्या देणगीचा अपमान आहे.

ज्यांना नुकताच पेसमेकर बसवला आहे त्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्याचं कार्ड कायम जवळ बाळगा. आणि घरच्यांना आजच, न संकोचता, सांगून ठेवा: अग्नी देण्यापूर्वी यंत्र काढून घ्यायला हवं, कारण त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते. मी मुलाला हे सांगितलं आहे, आणि त्याने ते कार्डाच्या मागे लिहून ठेवलं आहे.