बाळूची पाठवणी

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे वृद्ध आईवडिलांनी जाऊन राहावे, यात आता नवल उरलेले नाही. परंतु त्यांच्याच आधाराने जगणारे एखादे प्रौढ, अपंग अपत्य घरात असेल तर त्याचे काय, हा प्रश्न पुष्कळ घरांत कोणी उच्चारीतही नाही. वाचकहो, आमच्या घरात तो वडिलांच्या पश्चात उभा राहिला. म्हणून चार गोष्टी आपणांस सांगाव्याशा वाटतात.

माझा धाकटा भाऊ बाळू ३६ वर्षांचा आहे. त्याला जन्मतःच डाउन सिंड्रोम आहे. वजाबाकी त्याला जमत नाही. पण इंदूरच्या आमच्या गल्लीतला दूधवाला उरलेले पैसे त्याच्या हाती बिनचूक ठेवतो. थोरला भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे. "दोघेही माझ्याकडे या," असा त्याचा आईला आग्रह.

कायदा मात्र नात्यांची मोजदाद निराळ्या रीतीने करतो. नागरिकाच्या आईवडिलांना तेथे संख्येची मर्यादा नाही, भावंडांना आहे. साऱ्या जगातील भावंडे आणि त्यांची बायकामुले मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा, आणि प्रत्येक देशाच्या वाट्यालाही मर्यादा. त्यामुळे भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. अपत्य २१ वर्षांचे झाले की ते 'मूल' राहत नाही, मग ते कितीही परावलंबी असो. कॅनडाचा नियम या बाबतीत उदार आहे: शारीरिक वा मानसिक स्थितीमुळे जे अपत्य २२ वर्षांच्या आधीपासून आईवडिलांवर अवलंबून आहे, ते पुढेही अवलंबितच गणले जाते.

अमेरिकेत दुसरी वाट उरते. आईने आधी तेथील कायम रहिवासी व्हावे आणि मग अविवाहित मुलासाठी अर्ज करावा. ही रांगही अनेक वर्षांची, तरी भावंडांच्या रांगेहून आखूड. परंतु त्यासाठी आईला तेथे खरोखरच घर करावे लागते. म्हणजे मुलाला जवळ आणण्यासाठी तिने प्रथम त्याच्यापासून दूर जायचे! शिवाय अर्ज करणारी व्यक्ती दिवंगत झाली, तर मंजूर अर्जही सामान्यतः रद्द होतो. दयेने तो पुनरुज्जीवित होऊ शकतो, पण तो हक्क नव्हे. आई ७२ वर्षांची आहे. यास्तव थोरल्या भावाने आपलाही स्वतंत्र अर्ज करून ठेवला आहे.

अपंगत्व हेच नकाराचे कारण, असे आता नाही. बौद्धिक अपंगत्वाची जुनी बंदी १९९० च्या कायद्याने उठली. तथापि येणारा सरकारवर भार होईल काय, हे वय, प्रकृती व सांपत्तिक स्थिती पाहून अधिकारी ठरवितात. थोरल्याला पोषणाची लेखी हमी द्यावी लागेल. बाळू नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावे कामाच्या चाळीस तिमाही भरेपर्यंत, ती सुटत नाही. ज्याला नोकरी करता येणार नाही, त्याच्या बाबतीत ही सही किती दूरची आहे, हे ध्यानी घेऊनच करावी.

आई मागील वर्षी गेली. बाळू माझ्याकडे आहे. आपल्या घरी असा प्रसंग असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेण्याचे काम लांबणीवर टाकू नका. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता यांना तो कायदा लागू आहे. बँकेपासून शस्त्रक्रियेच्या संमतीपर्यंत सही कोणाची, हा प्रश्न आई असताना पडत नाही. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पडतो.

आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, त्याला विचारा. आम्ही बाळूला दादाच्या घराची छायाचित्रे दाखविली. तो बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, "ताई, तिथला दूधवाला मला ओळखेल?"

याचे उत्तर कोणत्याही अर्जात नाही. म्हणून मी दादाला कळविले, की खोली तयार करण्यापूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बाळूचे नाव सांगून ठेव. माणूस आपल्या माणसांत पोहोचला असे म्हणायचे, तर घराबाहेरही त्याला ओळखणारे कोणी हवे. तोवर रोज रात्री आई दूरध्वनीवर दिसते, आणि बाळू तिला आपण काय जेवलो ते सविस्तर सांगतो.