ठकी कशानं गेली

ठकी पाकिटातलं खाणं खायची नाही, चाटायची. बशीत ओतलं की आधी रस्सा साफ, आणि मांसाचे तुकडे कोरडे ठणठणीत तसेच पडलेले. मग मी ते चमच्यानं मोडून, थोडं कोमट पाणी घालून पुन्हा पुढे सरकवायची. तेव्हा कुठे बाईसाहेब उपकार केल्यासारखे दोन-चार उचलायच्या. न्यू जर्सीतल्या आमच्या शाकाहारी घरात तिच्या बशीला वेगळा साबण आणि वेगळी घासणी होती. मुक्कामाला आल्या की सासूबाईंची पहिली चौकशी त्या घासणीची असे. त्याच सासूबाई दुपारी तिला मांडीवर घेऊन पोथी वाचत बसायच्या, हे वेगळं.

2007 सालच्या फेब्रुवारीअखेर ती पाणी फार प्यायला लागली. मांजरं मुळात पाण्याच्या वाटेला फारशी जात नाहीत, त्यामुळे आम्हाला आधी त्याचं कौतुकच वाटलं. मग ती नुसतीच भांड्याशी बसू लागली. हनुवटी पाण्याला टेकलेली, पण जीभ बाहेर येत नव्हती. जवळ घेतलं तर तोंडाला नवसागरासारखा उग्र वास.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन बघून त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. घरात लिलीची फुलं होती का? गॅरेजमध्ये गाडीचं अँटीफ्रीझ सांडलं होतं का? मांजराची मूत्रपिंडं अशी झटक्यात बंद पडली की तिथले डॉक्टर आधी हेच विचारतात. आमच्याकडे लिली नव्हती आणि गॅरेजही नव्हतं. रोज सलाइन सुरू झालं. पाठीवरची सैल कातडी उचलून तिच्याखाली सुई घालायची. सलाइनचं टेंगूळ यायचं आणि ती चालायला लागली की हळूहळू एका कुशीकडे घसरत जायचं. ते टेंगूळ सांभाळत, तिरकी चालत, ती बशीपर्यंत जायची. तिथे मी तोच रस्सा बोटाला लावून तिच्यासमोर धरलेला असायचा.

जेमतेम सहा वर्षांची होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेली.

साताऱ्याला आईला फोन केला. मला वाटलं, म्हणेल, मांजरच ना, दुसरं आण. नात्यागोत्यातले बाकीचे पुढे तसं म्हणालेच. आई जरा वेळ गप्प राहिली आणि तिनं विचारलं, ‘शेवटी तोंडात पाणी घातलंस का गं?’ मला रडावं की हसावं कळेना. ठकीनं शेवटी दुसरं काय केलं होतं? पाण्याशीच तर बसून होती.

दुःखाचं म्हणाल तर ते इथवर सरळ होतं. माणूस गेलं की दहावं-तेरावं असतं, भेटायला येणारे असतात, तेच तेच सांगून तोंड दुखतं आणि त्यातच थोडं हलकं होतं. मांजरासाठी यातलं काही नाही. ऑफिसात रजा मागायचीसुद्धा सोय नाही. तरी ते आपलं आपण सोसता येण्यासारखं होतं.

पाडवा तोंडावर आला होता. 16 मार्चला, शुक्रवारी, कॅनडातल्या एका मोठ्या उत्पादकानं पाळीव प्राण्यांच्या खाण्याचे सुमारे सहा कोटी डबे आणि पाकिटं परत मागवली. खाणं एकाच्या कारखान्यात बनायचं आणि दुकानात ढीगभर वेगवेगळ्या नावांनी विकलं जायचं. महागातलं आणि स्वस्तातलंही. यादीत आमचं नाव होतं. डिसेंबरच्या सुरुवातीपासून 6 मार्चपर्यंतचा माल, तोही रस्सा-तुकड्यांच्या प्रकारातला. आमच्या कपाटात दोन पाकिटं उरली होती. एकाचा कोड यादीत सापडला, दुसऱ्याचा नाही. तिनं आधी खाल्लेली पाकिटं केव्हाच कचऱ्याच्या गाडीत गेली होती. ठकीचं दहन झालं होतं. तपासायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

पुढचे दिवस मी बातम्यांवर काढले. आधी न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेनं सांगितलं की खाण्यात अमिनोप्टेरिन, म्हणजे उंदराचं विष सापडलं. मांजर उंदराच्या औषधानं मरावं! आठवड्याभरात ते मागे पडलं. 30 मार्चला एफडीए या सरकारी खात्यानं मेलामाइनचं नाव घेतलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, ते मिसळलेलं होतं.

मेलामाइन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माहेरच्या फुलाफुलांच्या प्लेटा आल्या. ते खाण्यात कोण कशाला घालेल? उत्तर ऐकलं आणि वाटलं, अरे, हे तर आपल्या ओळखीचं. गावाकडे डेअरीत दूध घालणारा पाणी मिसळतो, लॅक्टोमीटर ते पकडतो, म्हणून कुणीतरी युरिया घालून पुन्हा आकडा वर नेतो. इथेही तेच. प्रथिनं मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत प्रथिनं मोजतच नाहीत, नायट्रोजन मोजतात. आणि मेलामाइनमध्ये वजनानं दोन तृतीयांश नायट्रोजन. निकृष्ट पीठ कागदावर उत्तम ग्लुटेन ठरतं. मेलामाइन एकटं तितकं घातक नाही. पण त्याच मालात सायन्युरिक ॲसिडही होतं. दोन्ही मूत्रपिंडात भेटली की त्यांचे स्फटिक होतात आणि बारीक नळ्या बुजतात.

एफडीएकडे तक्रारींचे फोन हजारोंनी गेले. खात्रीनं नोंदलेले मृत्यू मात्र वीसच्याही आत. ज्यांच्याकडे अवयव तपासलेले, खाणं जपून ठेवलेलं, तेवढेच त्यात बसले. आमची ठकी कुठल्याच आकड्यात नाही. 2008 मध्ये कोर्टात 2 कोटी 40 लाख डॉलरची तडजोड झाली. त्यात दवाखान्याची बिलं, जनावराची किंमत असा आर्थिक हिशेब होता. मानसिक त्रासाचा त्यात प्रश्नच नव्हता. ठकीला आम्ही प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलं होतं. किंमत काय लावणार? नवऱ्यानं बिलं एका पाकिटात नीट लावून ठेवली. मी ती पाठवू दिली नाहीत. तो चिडला, आणि त्याचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चीनमधल्या बाळांच्या दूध पावडरची बातमी आली. तेच मेलामाइन, तीच चाचणी चुकवायची युक्ती. सहा बाळं गेली, सुमारे तीन लाख आजारी पडली. त्या रात्री मी मांजराचं नाव काढलं नाही. पण डोक्यात एकच चाललं होतं: दीड वर्षापूर्वी कुत्र्या-मांजरांनी हे सगळं जगाला सांगून झालं होतं.

नवरा अजून म्हणतो, मांजरांची मूत्रपिंडं जातातच, तिचीही गेली असतील, आपल्याकडे पुरावा नाही. मी म्हणते, म्हातारपणी जातात, सहाव्या वर्षी पंधरा दिवसांत नाही. तो म्हणतो, एक पाकीट यादीत नव्हतं. मी म्हणते, एक होतं. पाहुण्यांसमोरही हे होतं. सासूबाई असल्या तर त्या माझी बाजू घेतात, आणि वर त्याला सांगतात की ती घासणी अजून सिंकखाली आहे, तेवढी टाक.