नातवाची गांडुळे

आषाढाचा पहिला पंधरवडा होता. आमचे द्वितीय चिरंजीव पाच वर्षांनी सहकुटुंब टेक्सासाहून सावनेरास आले होते, आणि घरात मंडळींची इतकी दाटी झाली होती की, आमचे अंथरूण माजघरातून पडवीत जाऊन पडले होते. अशा गडबडीत एके सकाळी आमच्या कुटुंबाने धुणे काढण्यासाठी नातवाच्या पिशवीत हात घातला आणि जी किंकाळी फोडली तिने थोरल्या सूनबाईंच्या हातचे दूध सांडले. आम्ही पूजा टाकून धावलो. पिशवीत एक चपटा डबा होता, डब्याला खण होते, आणि खणाखणांतून जांभळी, काळी, हिरवी अशी वीतवीत लांबीची गांडुळे निपचित पडली होती. एक बाहेर आले होते, ते कुटुंबाच्या बोटांना चिकटून लोंबत होते. त्यास बडीशेपेचा वास येत होता!

"आजी, ते खोटे आहेत," असे म्हणत अकरा वर्षांचा आमचा नातू मधे आला आणि त्याने ते गांडूळ मोठ्या ममतेने सोडवून घेतले. ती मासे धरण्याची आमिषे होती. ज्या घरात चार दिवसांनी चातुर्मास बसणार, कांदा-लसूणही शिंक्यावरून उतरणार, त्या घरात हे सामान! कुटुंबाने विचारले, "तू मासे खातोस?" तो म्हणाला, "नाही. धरतो आणि परत सोडतो." यावर आमच्या कुटुंबाने जो प्रश्न केला त्याचे उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही. ती म्हणाली, "खायचा नाही तर धरायचा कशाला, आणि सोडायचा तर टोचायचा कशाला?"

त्याच दिवशी दुपारी, सर्वत्र निजानीज झाल्यावर, आम्ही पडवीत नातवाजवळ बसून त्या गांडुळांची विद्या समजून घेतली. चाळीस वर्षे मुलांस शिकविले. मुलाकडून शिकण्याचा योग क्वचितच आला होता, आणि सांगण्यास आनंद वाटतो की, हा शिक्षक आमच्यापेक्षा शांत स्वभावाचा निघाला.

ही गांडुळे मऊ केलेल्या प्लास्टिकची असतात. तापवून पातळ केलेला रस साच्यात ओततात. त्यात मीठ व वासाची द्रव्ये मिसळतात. १९४९ साली अमेरिकेतील ओहायो प्रांतात, अ‍ॅक्रन गावी, निक क्रीम व त्याची पत्नी कॉस्मा यांनी आपल्या घरीच अशी गांडुळे करून पाहिली, आणि पुढे त्यांचा कारखाना टेक्सासातल्या टायलर गावी गेला. ज्या माशासाठी हा खटाटोप, तो तिकडचा 'बास'. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. शेवाळात, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत तो दबा धरून असतो, आणि तेथे उघडा गळ टाकावा तर मासा राहतो बाजूला, गवताची पेंढीच वर येते. म्हणून गळाचे टोक गांडुळाच्या अंगात लपविण्याची एक युक्ती तिकडे निघाली आहे. तिला टेक्सासाचेच नाव आहे.

नातवाने ती करून दाखविली. गळ साधा नसतो, त्यास मानेजवळ दोन बाक असतात. प्रथम दोऱ्यात बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार वजन ओवावयाचे, ते मोकळेच राहू द्यावयाचे, आणि मग गळ बांधावयाचा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात अगदी मध्यावर पाव इंच खुपसून बाजूने बाहेर काढावयाचे. मग गांडूळ सरकवीत थेट मानेच्या बाकापर्यंत न्यावयाचे व गळ अर्धा फिरवावयाचा, की टोक अंगाकडे वळते. आता गळ गांडुळाशेजारी लोंबता धरून माप घ्यावयाचे, आणि जेथे त्याचा वाक येतो तेथेच टोक पुन्हा अंगात घालावयाचे. परंतु पलीकडे निघू द्यावयाचे नाही, कातडीच्या आत ठेवावयाचे. मासा चावला की दोरीला 'टक्' असे जाणवते. तेव्हा जोराने हिसका द्यावा, म्हणजे टोक प्लास्टिक फाडून जबड्यात बसते. उशीर केला तर मासा ओळखतो आणि थुंकून टाकतो. आणखीही प्रकार आहेत. एकात वजन हातभर वर बांधतात, म्हणजे गांडूळ मागून तरंगत येते. दुसऱ्यात गळ नुसता कमरेत टोचतात, की दोन्ही टोके थरथरतात. तो प्रकार आम्हांस फारच निर्दय वाटला. वस्तुतः प्लास्टिकास काय वेदना!

आम्ही एक गांडूळ ओवून पाहिले. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हांला लगेच जमलं!" आम्ही काही बोललो नाही.

सावनेर हे नाव मराठी वाचकांस ठाऊक असते ते राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी येथे देह ठेवला म्हणून. येथील कोलार नदी कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु आमचे अर्धे बालपण तिच्या काठी गेले, आणि त्यातील एक वर्ष आम्ही घरापासून लपविले होते. १९७० साली आमच्या वर्गात एक ढीवराचा मुलगा होता. आमच्या वडिलांनी आम्हांस अमरकोश मुखोद्गत करविला होता. त्यात गांडुळास 'महीलता' असे एक नाव आहे, आणि गळास 'बडिश'. जमिनीची वेल! हा शब्द आम्ही त्या मित्रास सांगितला, तेव्हा तो इतका हसला की त्याच्या हातचा डबा नदीत पडला. त्या महीलता शेणखताच्या उकिरड्यातून उकरणे, राखेत लोळवून निसरडेपणा घालविणे, आणि गळावर मोज्यासारख्या चढविणे हे त्याने आम्हांस शिकविले. शेपटीकडचे दोन बोटे अंग मोकळे ठेवावे, ते वळवळले पाहिजे, हेही त्याचेच.

एके दिवशी आम्हांस एक शिंगटा लागला. आम्ही तो खाणार नव्हतो, विकणार नव्हतो. तो केवळ आपला होता म्हणून पाटीदप्तरात घालून घरी नेला. वासाने बिंग फुटले. वडील उंबरठ्यात उभे होते आणि हातात वेताची छडी होती. त्यांनी एकच विचारले, "हे तुला कोणी शिकविले?" शिकविले कोणी, हे आम्ही सांगितले, पण तेवढ्यावर थांबलो नाही. त्याने आम्हांस बळेच नेले, नाही म्हटले तर मारीन म्हणाला, असेही सांगितले. छडी खाली आली नाही. वडील तसेच ढीवरपुऱ्यात गेले. त्या सायंकाळी मित्रास त्याच्या बापाने होडीच्या बांबूने मारले, आणि दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही मॅट्रिक झालो, मास्तर झालो. तो जाळ्यावर गेला.

एवढ्याशा गावात पन्नासावर वर्षे एकमेकांस चुकवून राहणे शक्य नसते. त्याची मुले आमच्या हाताखाली शिकली. रस्त्यात भेटला की तो "रामराम, मास्तर" म्हणे, आम्ही "काय, बरे आहे ना?" म्हणत असू. यापलीकडे कधी गेलो नाही. जाण्याचे टाळणारे आम्हीच होतो.

नातवास तलाव पाहिजे होता. खेकरानाल्याचा तलाव जवळ. पण असल्या तलावांतील मासे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांच्या ठेक्यात असतात, आणि परवानगीवाचून गळ टाकणे ही चोरीच होय. परवानगी मागावयाची तर कोणास, हे आम्हांस ठाऊक होते. दोन दिवस आम्ही निमित्ते काढली. तिसऱ्या दिवशी नातवाचा हात धरून ढीवरपुऱ्यात गेलो.

तो अंगणात जाळे विणीत बसला होता. त्याने डबा उघडून एक जांभळे गांडूळ उचलले, ताणले, हुंगले, आणि नातवास म्हणाला, "हे त बडीशेप खाऊन आलं बाप्पा!" मग नातवाने ओवलेला गळ घेऊन त्याने तो उजेडात धरला आणि डोके हलविले. "वाकडं बसलं. पान्यात भवऱ्यावानी फिरन, अन् दोरा पिळून टाकन." असे म्हणून त्याने टोक काढले, केसभर पुढे खुपसले, आणि गांडूळ सरळ काडीसारखे लोंबू लागले. टेक्सासाची युक्ती त्याने जन्मात पाहिली नव्हती. नातू त्याच्याकडे जे पाहू लागला, तसे आमच्याकडे त्याने कधी पाहिले नव्हते; आणि आम्हांस त्याचा किंचित मत्सर वाटला हे कबूल करतो.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघे तलावावर गेलो. पाऊस उघडला होता. काठाला बेशरमाची झुडपे पाण्यात उभी होती. आपल्याकडे बास नाही. त्याची जागा म्हणाल तर मरळीची. तीही गवतात दबा धरते, बेडूक गिळते, आणि हवा घेण्यास वर येते. बंगाल्यातील शोल मासा तो हाच; संस्कृतातील 'शकुल'. चाळवणी करीत नातवाने दोनतीनदा दोर फेकला. एकदा 'टक्' झाले, त्याने हिसका दिला, आणि अर्धे तुटलेले गांडूळ हाती आले. ते त्याने पाण्यात न टाकता पिशवीत जपून ठेवले. हे कुजत नाही, माशाच्या पोटात गेले तर तेथेच राहते, असे त्यास तिकडे शिकविले आहे. ही शिकवण आम्हांस आवडली. आमच्या पंगतींच्या पत्रावळीनंतरचे प्लास्टिकचे पेले कोलारेत वाहताना आम्ही पाहिलेले आहेत.

इतक्यात झुडपाच्या बुंध्याशी पाण्यावर तांबूस रंगाचा एक डाग दिसला. हळदीकुंकू सांडावे तसा तो सरकत होता. नातवाने हर्षाने काठी उचलली. तो आमच्या मित्राने त्याचे मनगट धरले. "थांब पोट्ट्या. ते पिल्लं हायेत. मरळ खाली उभी हाय राखन करत. आता काही फेकलं त ती रागानं धरनच. ती वर आली का ह्या पिल्लायले बाकीचे मासे पाच मिंटात खाऊन टाकतेत."

मुलाने काठी खाली ठेवली. म्हणाला, "आमच्याकडे बासचा बाबा पण असाच राहतो. घरट्यावर." मग ते दोघे उकिडवे बसून बराच वेळ तो तांबूस डाग पाहत राहिले. मध्येच खालून एक काळसर डोके वर येई, हवेचा घोट घेई आणि बुडे. अमराने शकुलाच्या पिलांस निराळा शब्द कोशात नोंदविला आहे. आम्ही तो साठ वर्षे पाठ म्हटला, आणि ती पिले पाहिली त्या दिवशी.

आमच्याच परंपरेत या छंदाची अगदी हेळसांड आहे असे मात्र नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' हाही एक विनोद सांगितला असून काठी, दोर, गळ आणि कोणत्या माशास कोणते आमिष, यांचा शास्त्रशुद्ध विचार केला आहे. बडोद्याहून १९२५ पासून तो ग्रंथ छापला गेला, आणि १९५१ साली सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने त्या प्रकरणावर लेख लिहिला. हे आम्ही काठावर बसून मित्रास सांगितले. तो म्हणाला, "राजा बामन होता का?" आम्ही म्हटले, नाही. "मंग ठीक हाय," असे तो म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याचा आधार घेऊन आम्ही जे सांगावयाचे ते सांगितले. त्या दिवशी आपण वडिलांपाशी खोटे बोललो, त्याने कधी बळ केले नव्हते, हे सांगताना आमचा आवाज नीट राहिला नाही. तो पाण्याकडेच पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ठाऊक हाय मले. माह्या बापाले शाळा सोडवाले निमित्तच पाह्यजे होतं. तू नसतं देल्लं त दुसरं सापडलं असतं." मग थांबून म्हणाला, "पन देल्लं तूच."

शाळा सुटल्यापासून त्याने आम्हांस 'तू' म्हटले ते प्रथमच. ती क्षमा होती की फिर्याद, याचा निर्णय आमच्याने झालेला नाही.

त्या दिवशी मासा लागला नाही. घरी आल्यावर नातवाने आजीस टेक्सासाच्या गोष्टी सांगितल्या. त्यांत एक अशी की, जॉर्जिया प्रांतात १९३२ साली जॉर्ज पेरी नामक तरुणाने बावीस पौंड चार औंसांचा बास धरला, तो विक्रम आजतागायत कोणास ओलांडता आला नाही. २००९ मध्ये जपानात एकाने त्याची बरोबरी तेवढी केली. "आणि त्याने तो मासा सोडला?" कुटुंबाने विचारले. "नाही, घरी नेऊन सगळ्यांनी खाल्ला. तेव्हा मंदी होती." "मग तो शहाणा होता," असे म्हणून ती उठून गेली.

मंडळी टेक्सासास परत जाण्याच्या आदल्या दिवशी मित्राचा थोरला मुलगा दारात आला. बापाने पाठविले म्हणून त्याने बांबूची एक बारीक, तेल पाजलेली काठी नातवाच्या हाती दिली, आणि ओल्या मातीचा एक पत्र्याचा डबा. काठी विमानात नेता येईना. ती आमच्या पलंगाशी कोपऱ्यात उभी आहे. डबा कुटुंबाने उघडला. आत खरी गांडुळे होती. या खेपेस ती ओरडली नाही. डबा घेऊन परसात गेली आणि तो तिने अळूच्या वाफ्यात पालथा केला.