स्वप्नातलं ताट

मित्रांनो, एक खेळ सांगतो. कागद-पेन्सिल घ्या आणि तुमच्या स्वप्नातलं जेवण लिहून काढा. "आधी भाजी संपव" असं म्हणायला कुणी येणार नाही. मनाला येईल ते लिहा.

लिहिलंत? पुष्कळांच्या कागदावर पावभाजी, नूडल्स, आइस्क्रीम असणार. असू द्या. तुमच्याएवढा असताना मी जी यादी केली होती, तिच्यात गुलाबजाम तीनदा होते! पण आता खेळात दोन नियम घालू. पहिला नियम, पदार्थ आपल्या शिवारात पिकलेला किंवा आपल्या गल्लीत शिजलेला हवा. दुसरा, सगळे पदार्थ एकाच दिवशी, ताजे, एका ताटात आले पाहिजेत.

दुसरा नियम साधा वाटतो ना? तिथंच सगळी गंमत आहे. कशी, ते माझ्याच यादीवरून सांगतो.

माझं गाव परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेडकडचं. गोदावरी जवळ, जमीन काळी. माझ्या यादीत पहिला आहे हुरडा. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रब्बीची ज्वारी पाऊस सरताना पेरतात. काळी जमीन पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते, त्या ओलीवर ती वाढते. कणसात दाणा भरू लागला, की तो आधी दुधाळ असतो, मग चिकात येतो. वाळून टणक व्हायच्या आधीचे हे थोडे दिवस म्हणजे हुरड्याचे दिवस. शेतात आगटी करायची, गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची आणि गरम असतानाच हातावर चोळायची. हात पोळतात, पण थांबवत नाही! सोबत लसणाची चटणी, गूळ आणि बोरं. हे सगळं डिसेंबर-जानेवारीतलं.

दुसरा पदार्थ अंबाडीची आंबट भाजी आणि ज्वारीच्या कण्या. ही मजा पावसाळ्यातली. तिसरा आमरस, तो मे महिन्यातला. चौथी करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी. करडई म्हणजे जिच्या बियांचं तेल काढतात ती. आमच्याकडे ती पिढ्यान् पिढ्या पेरतात. तिचा पाला थंडीच्या सुरुवातीला खावा, कारण नंतर पानांना असे काटे येतात की शेळीसुद्धा विचार करील. पाचवी भेंडी. तीही साधी नाही बरं का! 'परभणी क्रांती' नावाची भेंडी आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं तयार केली. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड वाया घालवणारा एक रोग असतो. त्या रोगाला तोंड देणारी ही जात! पण कडाक्याच्या थंडीत भेंडी नीट धरत नाही.

म्हणजे बघा, पाचच पदार्थ झाले आणि ताट सगळ्या वर्षभर पसरलं. तुम्ही म्हणाल, आमरस डबाबंद मिळतो, फ्रीजमध्येही राहतो. मिळतो खरा. पण हुरड्याच्या थंडीत फ्रीजमधला आमरस? मला तरी ते लग्नात रेनकोट घालून बसल्यासारखं वाटतं. नियम म्हणजे नियम. मी आमरस, अंबाडी आणि भेंडी खोडली.

एक ऋतू धरायचाच, तर मग हिवाळाच धरू असं ठरवलं. हुरडा आला. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आली. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आलं. भोगीची भाजी आली. वांगं, गाजर, हरभरा, बोरं, तीळ असं जे जे त्या दिवसांत रानात असतं, ते सगळं एकाच पातेल्यात! ती भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी करतात. पण उद्या पुन्हा केली तर कोण रागावणार आहे? संक्रांतीची गुळपोळी आली. एकूण पाच.

सहावा पदार्थ सोडवत नव्हता आणि जमतही नव्हता. तो म्हणजे शेजारच्या खालांचा शीरखुर्मा. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. ईदच्या सकाळी भिंतीवरून आधी हाक यायची आणि मागून वाडगा. तुपात परतलेल्या बारीक शेवया, दुधात मऊ झालेली खारीक, वर चारोळी. आम्ही भावंडं वाडगा पुसून काढायचो, घासायची गरजच उरायची नाही!

आता ईद कधी असते? इथं थोडं गणित करू. ईद चांद्र वर्षानं चालते. ते वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे आपल्या कॅलेंडरपेक्षा ११ दिवसांनी लहान. म्हणून ईद दर वर्षी ११ दिवसांच्या आसपास अलीकडे सरकते. मग दिवाळी का सरकत नाही? तीही चंद्रावरच असते की! तर आपल्या पंचांगात साधारण तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशोब जुळवून घेतात. तोच तो धोंड्याचा महिना, ज्यात जावयाची चैन असते. ईदच्या हिशोबात असा जादा महिना नाही. त्यामुळं ती उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं सगळं फिरून साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येते.

हे कळलं तेव्हा मला एकदम २००० सालचा जानेवारी आठवला. त्या महिन्यात ईद आणि संक्रांत आठवडाभराच्या आत आल्या होत्या. आमच्याकडून गुळपोळ्या भिंतीवरून पलीकडे गेल्या होत्या आणि पलीकडून शीरखुर्मा अलीकडे आला होता. रानात हुरडा चालूच होता. म्हणजे माझं ताट एकदा भरून झालेलं होतं! मग पुढचा योग कधी? मोजा बरं. २०३२ च्या जानेवारीत ईद पुन्हा अगदी संक्रांतीच्या आसपास येणार आहे. नेमका दिवस चंद्र दिसल्यावरच ठरेल, पण १५ जानेवारीच्या मागंपुढं. तेव्हा तुम्ही कितवीत असाल?

सातवा पदार्थ राहिला. तो माझा नाही, आजीचा आहे.

लहानपणी हा खेळ मी घरभर खेळलो होतो. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी केलेलं काहीही." आजीला विचारलं, "आजी, तुझ्या स्वप्नातलं जेवण कोणतं गं?" आजी तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "आमचं कसलं सपन, लेकरा! पांढरी भाकर. तव्यावरून थेट ताटात. वरून तेल-मीठ. लाल नको."

लाल का नको, ते तेव्हा मला समजलं नाही. तुम्हालाही नसेल समजलं. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. रानात काही पिकलं नाही. माणसं दुष्काळी कामांवर जाऊन खडी फोडू लागली, तलावाची माती उपसू लागली. त्या दिवसांत परदेशातून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळायची. तिला मिलो म्हणत. कामावर सुकडी नावाचं खाणं वाटायचे. आजी खडी फोडायला होती. मिलोची भाकरी तिनं महिनोन् महिने खाल्ली आणि लेकरांनाही खाऊ घातली. तिनं जीव वाचवला, म्हणून आजीनं त्या धान्याला कधी नावं ठेवली नाहीत. पण पुढं आयुष्यभर तांबूस भाकरी तिच्या ताटात चालत नसे. योगायोग बघा, परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच १९७२ सालातलं. पुढं तिथं रब्बी ज्वारीची 'परभणी मोती' नावाची जात निघाली. टपोरा, चमकदार, पांढरा दाणा. आजीला नावापेक्षा रंग आवडला असता.

तर ताट ठरलं: हुरडा, तुरीची आमटी, भरीत, भोगीची भाजी, गुळपोळी, शीरखुर्मा आणि पांढरी भाकरी. मी लगेच तयारीला लागलो. हसू नका, २०३२ काही फार दूर नाही.

पहिला फोन भावाला केला. शेत तोच करतो. म्हटलं, "दादा, त्या वर्षी ज्वारी पेरशील ना?" दादा गप्प. आमच्या शेतात आता सोयाबीन, कापूस आणि मागून हरभरा असतो. पूर्वी बैल होते, त्यांना कडबा लागायचा, म्हणून ज्वारी लागायची. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तो कडबा खात नाही. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत. आणि पाखरं! आजूबाजूला सगळ्यांची ज्वारी असली, तर पाखरं वाटून खातात. एकट्याचीच असली, तर सगळ्या गावची पाखरं तुमच्याकडे जेवायला! दादा म्हणाला, "तुझ्या एका दिवसाच्या हुरड्यासाठी मी महिनाभर गोफण फिरवत बसू व्हय?" मी म्हटलं, दोन पट्टेच पेर. तो म्हणाला, "पेरतो. पण दाणा भरायला लागला की पंधरा दिवस राखण तुझी." मी हो म्हणालो. ओघात करडईचंही विचारून घेतलं. दोन ओळी उशिरा पेरल्या, तर संक्रांतीला कोवळा पाला मिळेल का? त्यावर त्यानं फोन ठेवला.

दुसरा फोन खालांना. त्या आता मुलाकडे हैदराबादला असतात. गुडघे दुखतात, ऐकू जरा कमी येतं. सगळी योजना मोठ्यानं सांगितली. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, अल्लानं ठेवलं तर येईन, शीरखुर्मा बसून करीन, ढवळायला तुझी बायको आणि माझी सून आहेतच. "लेकिन बेटा," त्यांनी विचारलं, "आजी के हाथ की भाकरी कौन करेगा?"

आजीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आमच्या घरी पोळ्या होतात. भाकरी शेवटची कधी थापली, ते आईलाही पटकन सांगता आलं नाही.

म्हणून सध्या मी रविवारी भाकरी करायला शिकतो आहे. आई खुर्चीवर बसून सांगते. पाणी गरम हवं, पीठ भरपूर मळायचं, कारण ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. नीट मळलं नाही, तर थापताना कडा फाटतात. परातीतून उचलून तव्यावर टाकली, की वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवायचा. माझ्या मुलीची एक भाकरी मागच्या रविवारी चक्क फुगली. माझी अजून एका कडेला फाटते.