अक्रोडाचा कुंदा

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या घरी पाटावर कोयता, विळा, पहार आणि आजोबांची ठासणीची बंदूक पूजेला मांडली जाई, आणि झेंडूच्या फुलांखाली झाकलेल्या त्या बंदुकीचा जो भाग उघडा राही तो नेमका तिचा कुंदाच असल्यामुळे, बंदूक म्हणजे मुख्यतः लाकूड, अशी माझी बालपणी समजूत झाली होती. ती समजूत अजूनही मला सर्वस्वी खोटी वाटत नाही. नळी, चाप, घोडा हे लोखंडी अवयव कोणाच्याही हाती सारखेच वागतात. कुंद्याला मात्र एका विशिष्ट माणसाचा खांदा, गाल आणि तळहात यांच्याशी जुळवून घ्यावे लागते.

आमचे गाव सावंतवाडीच्या जवळ. रानडुकरांपासून भातशेती राखण्यासाठी सरकारातून मिळालेला परवाना आजोबांच्या नावे होता. 1961 च्या पावसाळ्यात, मी अकरा वर्षांचा असताना, कोणाला न विचारता उचललेली ती बंदूक माझ्या हातून ओसरीच्या पायरीवर पडली आणि चापामागे कुंदा जेथे निमुळता होऊन मनगटाएवढाच उरतो तेथे दुभंगली. आजोबा एक अक्षरही बोलले नाहीत. तिला पंच्यात गुंडाळून, मला बरोबर घेऊन ते सुतार मेस्त्रींच्या पडवीत गेले. मेस्त्रींनी फुटलेल्या जागेवरून नख फिरवले आणि म्हणाले, "ह्यां लाकूड वायट नाय, बाबू, रेघ चुकली हा." लाकूड शिसवीचे, दगडासारखे कठीण; परंतु त्याच्या रेषा त्या निमुळत्या मानेतून लांबीच्या दिशेने न जाता तिरक्या कापल्या गेल्या होत्या, आणि म्हणून इतकी वर्षे ती मान केवळ दैवावर तगून राहिली होती. कुंदा मानेपाशी वाकलेला असतो. तेव्हा ज्याच्या रेषाच तशा वाकून गेल्या आहेत असा तुकडा झाडात हुडकावा लागतो, आणि तो बहुधा खोड जेथे मुळाला मिळते तेथे सापडतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

पुढे वडिलांनी इच्छापूरच्या कारखान्यात झालेली .315 ची रायफल घेतली. .303 हा लष्कराचा बोअर नागरिकांस वर्ज्य असल्यामुळे, त्याच ली-एनफिल्डच्या घडणीवर बेतलेली ही रायफल नागरी परवान्यावर मिळत असे. या घडणीत कुंदा दोन खंडांचा असतो: पुढचे लाकूड नळीखाली, आणि मागचा दस्ता लोखंडी खोबणीत बसवून आतून एका लांब बोल्टाने आवळलेला. लष्कराने शिपायांच्या हातांचे मान ओळखून लांब, साधारण, आखूड आणि त्याहूनही आखूड असे अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने चार मापांचे दस्ते करविले होते. आमच्या वाट्याला मात्र एकच माप आले, आणि आखूड हातांचे माझे वडील ती रायफल खांद्याला लावताना नेहमी मान पुढे ताणत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती जवळजवळ मुकीच झाली. पण ते मान ताणणे माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

1978 च्या आश्विनात मी श्रीनगरला गेलो असता रैनावारीतील एका बंदूकसाजाच्या कारखान्यात अक्रोडाच्या फळ्यांची रास पाहिली आणि वडिलांच्या मापाचा नवा दस्ता करविण्याचे मनात घेतले. अक्रोडाचे झाड तोडण्यास तिकडे 1969 च्या कायद्यान्वये परवानगी लागते, आणि हे लाकूड कोरीवकामासाठीही हवे असते. त्यामुळे प्रत्येक फळीला मोल होते. त्या वृद्ध कारागिराने ओले फडके घेऊन एकेक फळी पुसली, आणि तोवर धुळकट, निर्जीव दिसणाऱ्या त्या लाकडातून, पाणी पडलेल्या शाईसारख्या, तपकिरी-काळ्या रेषा उमटून आल्या. फांदीचे लाकूड फिके, खोडाचे गडद, मुळाजवळचे सर्वांत काळे. सर्वांत सुंदर फळी मी हाती घेतली तेव्हा त्याने ती शांतपणे परत ठेवली. तिची नक्षी नेमकी मानेच्या जागी भोवऱ्यासारखी फिरत होती. त्याने दिलेली फळी मागे नक्षीदार आणि मानेपाशी अगदी साधी, सरळ रेषांची होती.

तिच्या दोन्ही टोकांना मेण चोपडून, कारण लाकूड टोकांतून घाईने वाळले की तडकते, मी ती माळ्यावर ठेवली आणि दर महिन्याला वाण्याच्या तराजूवर तोलून वजन वहीत टिपू लागलो. 3 किलो 600 ग्रॅमपासून ते उतरत गेले. कोकणातल्या पावसाळ्यात ते पुन्हा चढे, उन्हाळ्यात उतरे. लागोपाठ दोन वैशाखांत काटा 2 किलो 950 वर थांबला तेव्हा 1981 साल उजाडले होते. जुने मेस्त्री गेले होते. त्यांच्या चिरंजीवांनी दिवाळीनंतरच, म्हणजे हवेतली ओल उतरल्यावरच, काम हाती घेतले. आधी गिरमिटाने बोल्टाचे लांब भोक पाडले आणि मग त्या भोकाभोवती रंधा आणि कानस चालविली. बाहेरचा आकार भोकाबरोबर सरकवता येतो, भोक मात्र एकदा तिरके गेले की गेले. मग खोबणीला दिव्याची काजळी लावून लाकूड आत दाबायचे, काढायचे, जेथे काळे उमटले तेवढेच पटाशीने खरवडायचे: हे त्यांनी दोन दिवस केले, तेव्हा कोठे काळेपणा सर्वत्र सारखा उमटला.

परंतु माप घेण्यासाठी वडिलांना उभे केले तेव्हा माझ्या ध्यानी आले की वहीत टिपलेले त्यांच्या मापांचे तीन वर्षांपूर्वीचे आकडे आता निरुपयोगी होते. वडील सत्तरीला पोचले होते. खांदे पुढे आले होते, मान खाली वळेनाशी झाली होती. दस्ता ठरल्याहून आणखी पाऊण इंच आखूड करावा लागला आणि गाल टेकण्याची कड उंच ठेवावी लागली. मग जवसाचे तेल, तळहाताने, लाकूड कोमट होईपर्यंत. एक आठवडा रोज, नंतर महिनाभर आठवड्याला एकदा. वडिलांनी ती खांद्याला लावली, डोळे मिटले, आणि मान न ताणता उघडले. नळीच्या टोकावरची माशी बरोबर समोर होती.

त्यांच्या पश्चात परवाना माझ्या नावे झाला. बार काढण्याचा प्रसंग कधी आला नाही, पण दर खंडेनवमीला मी दस्त्याला जवसाचे तेल चोळतो आणि रायफल एकदा खांद्याला लावून पाहतो. कित्येक वर्षे ती उंच कड माझा गाल वर ढकलत असे, कोपर आखडे, आणि नजर माशीच्या वरून निघून जाई. या वर्षी तेल पुसून ती उचलली, तेव्हा गाल आपसूक जागेवर बसला, आणि माशी बरोबर समोर होती.