शिळं पाणी

सकाळी नळ आला की पहिलं काम काय? कालचा हंडा मोरीत उपडा करायचा! शिळं ओतून ताजं भरायचं, हे आपण आईकडून, सासूबाईंकडून शिकलो. विहिरीच्या काळी त्यात काही अर्थ असेलही. पण आपल्या उपनगरांतल्या नळाला ताजं पाणी येतं तरी कधी?

मे महिन्यात आपण जे पाणी पितो, ते आदल्या जुलै-ऑगस्टात पडलेलं असतं. म्हणजे नऊ-दहा महिन्यांचं! विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) ही तळी तेवढी आपल्या शेजारची, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली. त्यांचा वाटा अगदी थोडा. बाकी तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा ही सारी दूर, शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांत. एकट्या भातसातूनच जवळजवळ निम्मं पाणी येतं. आमच्या मुलुंडवरून जाणारे ते जाडजूड नळ पाहिलेत ना? त्यांतून हे पाणी येतं. १ ऑक्टोबरला सातही तलाव भरलेले असले, तर पुढच्या जुलैपर्यंत घोर नाही. वाण्याकडून वर्षाचे गहू भरून ठेवावेत, तसाच हा हिशेब.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. जलचक्राची आकृती फळ्यावर काढायची म्हणजे समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा समुद्र. मुलं ती पाठ करतात. पण २०२४ च्या जुलैत एका मुलीने विचारलं, "बाई, रस्त्यावर गुडघाभर पाणी, मग नळाला कपात का?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्या ८ जुलैला पहाटेच्या सहा तासांत मुंबईच्या काही भागांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, आणि जूनपासूनची १० टक्के पाणीकपात मात्र चालूच होती! कारण अंधेरी-घाटकोपरच्या सिमेंटवर पडलेला पाऊस गटारातून सरळ खाडीला जातो. नळाला पाणी हवं तर तो शहापूरच्या डोंगरात पडायला हवा. आणि पाऊस किती लहरी! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३.

ही लहर आता वाढते आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. भांडं मोठं झालं की भरायला वेळ लागतो, आणि कलंडलं की एकदम सांडतं, तसंच हे. अरबी समुद्रही तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२५ साली तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत हजर! पापड-कुरडया गच्चीवरच राहिल्या कित्येकींच्या.

माझी चुलत नणंद शहापूर तालुक्यात दिली आहे. धरणं तिच्या तालुक्यात, आणि उन्हाळ्यात तिथल्या कित्येक गावांना पाणी टँकरने. टँकर आला की हातातली भाकरी तव्यावर टाकून बायका धावतात. गेल्या मे महिन्यात लग्नासाठी ती आमच्याकडे आली होती. शेजारच्या बाल्कनीतून कुंड्यांवरून पाणी ओसंडून खाली पडत होतं. तिने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "वहिनी, आमच्याकडचंच ना हे?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं का?

झाकून ठेवलेलं पिण्याचं पाणी एका रात्रीत बिघडत नाही. तरी मन मानत नसेल, तर ते भांड्यांना, लादीला वापरावं. मोरीत ओतू नये. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. यंदा आमच्या इमारतीत गच्चीच्या पन्हळीखाली दोन पिंपं ठेवायची आहेत, जिने आणि गाड्या धुण्यासाठी. पहिल्या पावसाचं पाणी वाहू द्यायचं, मग पिंपाच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी फडकं घट्ट बांधायचं. नाहीतर डास होतात. पिंपांचे पैसे कोणी द्यायचे, यावर मात्र पुरुषमंडळींच्या तीन सभा झाल्या. शेवटी आम्ही पाचजणींनी भिशीतून ते उचलले आहेत.