रोल नंबर 1 ते 44, धोबी तलाव

‘मेट्रोला भेटू’ असं म्हटलं की आजकाल लगेच पुढचा प्रश्न येतो, कुठल्या स्टेशनला? आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. आमची मेट्रो एकच. धोबी तलावच्या कोपऱ्यावरचं थिएटर, हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने 1938 साली उघडलेलं. शाळा सुटली की तिथल्या पोस्टरखाली उभं राहून एकमेकांना सिनेमाच्या स्टोऱ्या सांगायच्या. न बघितलेल्या सिनेमांच्यासुद्धा! आम्ही नववीत असताना, 2006 मध्ये, तिथे मल्टिप्लेक्स झालं आणि तिकीट आमच्या खिशाबाहेर गेलं. पोस्टर मात्र फुकटच होती.

परवा मी पहिल्यांदा मेट्रोने ‘मेट्रो’ला गेलो. ऑक्टोबर 2025 मध्ये अ‍ॅक्वा लाइन थेट कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून बीकेसीतून काळबादेवी म्हणजे गारेगार एसीत बसून जायचं काम. निमित्त अगदी फालतू होतं. ऑफिसच्या बॉक्स क्रिकेटच्या ट्रॉफ्या! एचआरने विचारलं, ‘ट्रॉफी कुठे मिळतात रे?’ आणि माझ्या तोंडून विचार न करता निघून गेलं, ‘धोबी तलाव.’ बोललास ना, मग तूच आण.

तर मंडळी, धोबी तलावला ना तलाव आहे ना धोबी. तलाव केव्हाच बुजवला, नाव तेवढं राहिलं. आहे काय? खेळाच्या सामानाची दुकानं, ट्रॉफ्यांची दुकानं, 1904 पासूनचं कयानी, 1865 पासून वाद्यं विकणारं फुर्टाडोज. आणि लोकमान्य टिळक मार्गावरची आमची शाळा, सेंट झेवियर्स हायस्कूल, फोर्ट. 1869 ची. झेवियर्स कॉलेजची बिल्डिंग शाळेच्या पाठीला पाठ लावून उभी. दहा वर्षं त्या पाठीकडे बघत ‘पुढे तिकडे जायचं’ म्हणायचो. गेले मोजकेच.

आमच्या वेळी शाळा मुलांचीच होती. गिरगावातले आम्ही मराठी, काळबादेवीचे गुजराती, भेंडीबाजारचे बोहरी, एखाद-दुसरा पारशी, आणि चिराबाजार-कॅव्हेलकडचे गोवन, ईस्ट इंडियन. कॅटेकिझमच्या तासाला कॅथलिक मुलं उठून जायची आणि उरलेल्यांना मॉरल सायन्स. त्या तासाला आम्ही मॉरल सोडून सगळं शिकलो.

2008 ची आमची दहावी. निरोप समारंभाच्या आधी कुणाच्या तरी डोक्यातून आयडिया निघाली की वर्गाची एक पुस्तिका काढायची. प्रत्येक मुलावर चार ओळी, रोल नंबरप्रमाणे. शेवटच्या पानावर सगळ्यांचे फोन नंबर. लिहिणार कोण? निबंधात बरे मार्क पडायचे म्हणून मी. रोल नंबर 33. झेरॉक्स काढली, मधोमध दोन पिना मारल्या, झालं पुस्तक. माझी प्रत तीन घरबदलांत कुठेतरी गेली, पण काही ओळी अजून पाठ आहेत.

रोल नंबर 7. ऑफस्पिन टाकायचा, पण त्याची खरी मास्टरी एका मॅचवर होती. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने नाबाद 664 ची भागीदारी केली. सचिन 326, कांबळी 349. ही मॅच सगळ्या देशाला माहीत आहे. समोर कोण होतं, ते कुणी विचारतच नाही. अहो, आम्ही होतो! म्हणजे आमच्या जन्माआधीचे आम्ही. मग आमची इनिंग 145 मध्ये संपली आणि सहा विकेट पुन्हा कांबळीनेच काढल्या. वास्तविक आमच्याच शाळेने सुनील गावसकर दिला. त्या दिवशी मार खाणाऱ्या बोलरमधला साईराज बहुतुले पुढे भारताकडून खेळला. पण रोल नंबर 7 ला गावसकरांपेक्षा त्या 664 चा अभिमान जास्त. ‘दोन दिवस उन्हात बॉल आणायला जे धावले ना, त्यांना पण कप द्यायला पाहिजे होता बॉस.’ 2013 साली पृथ्वी शॉने त्याच आझाद मैदानावर 546 ठोकले. समोर बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी’असिसी शाळा, पुन्हा एक कॅथलिक शाळाच. त्या संध्याकाळी सगळ्यांना त्याचा एकच मेसेज आला, ‘आपण एकटे नाही.’

रोल नंबर 14, बोहरी. डबा उघडला की आधी सगळ्यांच्या बोटावर चिमूटभर मीठ. त्यांच्यात जेवणाची सुरुवात मिठाने करतात. आम्ही खरं तर त्याच्या डब्यातल्या खिम्यासाठी बसायचो, मीठ मुकाट्याने चाटायचो. आता सवय अशी लागलीय की ऑफिसच्या कँटीनमध्येसुद्धा हात मिठाकडे जातो. जुनी चाळ गेली, आता तो टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतो. म्हणतो, ‘वरून सगळं दिसतं यार, पण खालून कुणी हाक मारत नाही.’

रोल नंबर 19 वर मी चारऐवजी नऊ ओळी लिहिल्या होत्या. तो होताच तसा. ट्रम्पेट वाजवायचा, आणि दुपारच्या सुट्टीत फुर्टाडोजच्या काचेला नाक लावून उभा. त्याचा काका जहाजावर होता. दोन सफरींच्या मधे मुंबईत उतरला की कुडीत राहायचा. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेलं वसतिगृह. धोबी तलावच्या जुन्या इमारतींमध्ये अशा कुडी होत्या, काही अजून आहेत. आम्ही एकदा त्याच्याबरोबर वर गेलो होतो. मोठी खोली, भिंतीला ओळीने लावलेल्या पेट्या, समोर आल्तार. संध्याकाळी सगळे बाप्ये एकत्र गुडघे टेकून कोंकणीत रोजारी म्हणायला लागले. आम्हा गिरगावकरांना आरतीची सवय, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या याची वाट बघत उभे राहिलो. शेवटपर्यंत वाजवल्या नाहीत, नशीब! रोल नंबर 19 आज क्रूझच्या बँडमध्ये आहे. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. काकाचंच आयुष्य, फक्त पेटीच्या जागी ट्रॉली बॅग.

आणि रोल नंबर 26. हा झोपायचा. भूगोलात तर हमखास, तेसुद्धा डोळे अर्धे उघडे ठेवून. वडिलांचं मुळजी जेठा मार्केटात कापडाचं दुकान, घरात सतरा माणसं, रात्री झोप मिळायची नाही म्हणे. पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘हा झोपेत पास होईल.’ झाला! आता एका कंपनीत अमेरिकेच्या वेळेवर काम करतो. सगळी रात्र टक्क जागा.

असो. तर मी ट्रॉफ्यांच्या दुकानांच्या रांगेत शिरलो. तिसऱ्या की चौथ्या दुकानात काउंटरमागे एक माणूस खाली मान घालून पितळी पट्टीवर काहीतरी तपासत होता. मान वर न करताच म्हणाला, ‘तेहतीस, आत ये.’

रोल नंबर 41.

खरं सांगतो, मला त्याचा चेहरा आठवायला दोन सेकंद लागली. दुकान त्याच्या पप्पांचं. शाळा सुटल्यावर आम्ही मेट्रोच्या पोस्टरखाली टाइमपास करायचो तेव्हा हा इथे बसून कपांवर नावं कोरायचा. आम्ही जिंकलेल्या इंटरस्कूल कपावरची आमची नावंसुद्धा त्यानेच कोरली होती, हे मला परवा कळलं. स्वतःला एकही कप मिळाला नाही. ‘माझ्या हातून रोज वीस कप जायचे की,’ म्हणाला.

मी विषय काढायचं टाळत होतो. कारण पुस्तिकेत त्याच्यावर काय लिहिलंय ते मला नेमकं आठवत होतं. रात्रीचे दोन वाजलेले, चाळीस जण लिहून झालेले, डोळे मिटत होते. ‘शांत मुलगा. अक्षर छान.’ एवढंच. चार ओळी ठरल्या होत्या, मी चार शब्द दिले.

चहा सांगितल्यावर त्याने स्वतःच ड्रॉवरमधून ती पुस्तिका काढली. पिना गंजलेल्या, शेवटचं पान टेपने चिकटवलेलं. त्याने तेच पान उघडलं. फोन नंबरांची यादी. प्रत्येक नंबरापुढे निळ्या पेनाने बरोबरची खूण आणि बाजूला वेळ. 10.50. 10.52. 10.55.

‘हे काय?’

‘सव्वीस अकरा.’

बुधवार, 26 नोव्हेंबर 2008. आम्ही नुकतेच अकरावीला वेगवेगळ्या कॉलेजांत पांगलो होतो. त्या दिवशी कटकला भारत-इंग्लंड वन-डे होती, आपण जिंकलो होतो. त्यामुळे पहिले आवाज आले तेव्हा त्याच्या घरी फटाकेच वाटले. त्याचं घर मेट्रोच्या मागच्या गल्लीत. आधी सीएसटी, मग कामा हॉस्पिटल, रंगभवनची गल्ली, आणि मग खुद्द मेट्रोच्या चौकात गोळीबार. रंगभवनची गल्ली म्हणजे शाळा-कॉलेजला लागूनच. पप्पांनी घरातले दिवे घालवले. याने टॉर्च घेतला, पुस्तिका घेतली आणि लँडलाइनवरून रोल नंबर 1 पासून सुरुवात केली.

मला फोन आला होता, हे पक्कं आठवतंय. ‘घरी आहेस ना? खिडकीत उभा राहू नको,’ एवढं बोलून ठेवला. मला वाटलं होतं, जवळ राहतो म्हणून मला केला. आमच्या बॅचचा कट्टा इतकी वर्षं जमतोय, दरवेळी त्या रात्रीचा विषय निघतो, आणि आमच्यापैकी प्रत्येक जण हेच समजत होता की फोन फक्त आपल्यालाच आला!

‘सांगितलं का नाहीस?’

‘काय सांगायचं? तुम्ही सगळे घरी होता.’

मी यादीवरून बोट फिरवलं. 41 पुढे त्याने स्वतःच्या नंबरालाही खूण केली होती. अगदी व्यवस्थित. एकाच नंबरापुढे रात्री 12.20 ला प्रश्नचिन्ह, 1.05 ला प्रश्नचिन्ह, 2.40 ला प्रश्नचिन्ह. आणि मग सकाळी 7.10 ला खूण, पेन इतकं दाबून की कागद फाटलाय.

रोल नंबर 26.

‘रात्रभर रिंग वाजत होती रे,’ तो म्हणाला. ‘मी विचार केला, सीएसटीवरून जातो की काय हा. सकाळी फोन उचलला आणि मला विचारतो, आज कॉलेजला सुट्टी आहे का.’

यावर आम्ही दोघंही हसलो. मग मी एकदाचं बोलून टाकलं, त्या चार शब्दांबद्दल सॉरी. तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘अक्षर छान, असं माझ्याबद्दल आणखी कुणी लिहिलं नव्हतं,’ म्हणाला. ‘ते पप्पांना दाखवलं होतं. त्यानंतरच त्यांनी मला मोठ्या कपांना हात लावू दिला.’ मला यावर काय बोलावं सुचेना. त्यालाही सुचलं नसावं, कारण त्याने लगेच पॅड पुढे सरकवलं. ‘नावं लिही. स्पेलिंग बघून. एक अक्षर चुकलं की ट्रॉफी फुकट.’

बारा ट्रॉफ्यांची नावं लिहून दिली. डिलिव्हरी शनिवारी. साडेसहा वाजत आले होते, त्याने दुकान पोराच्या हवाली केलं आणि आम्ही समोर कयानीत जाऊन बसलो. (तुम्ही गेलात तर मावा केक संपायच्या आत जा, आणि बन मस्का चहात बुडवून खा, लाजू नका.) म्हटलं, पुस्तिकेची नवी आवृत्ती काढतो, सगळ्यांवर पुन्हा लिहितो. या वेळी मागून सुरू करीन, 44 पासून. तो म्हणाला, मग आधी सगळ्यांचे आताचे नंबर तपासून घे, माझ्याकडे आहेत. फोन काढला आणि तिथेच बसून सुरुवात केली ती 26 पासून.

रिंग वाजून वाजून बंद झाली.

‘झोपला असेल,’ तो म्हणाला आणि पुन्हा लावला.